थीडा बाराचे चित्रपट कोणाच्या मालकीचे होते?

१९१७ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'क्लिओपात्रा' या मूकपटाची छायाचित्रे आज कोणालाही सहज पाहायला मिळतात. वेटोळे घातलेल्या सापांच्या आकाराची चोळी, काजळाने गडद केलेले डोळे आणि थेट कॅमेऱ्यावर रोखलेली नजर यांमुळे ती एकदा पाहिली की विसरत नाहीत. त्यांतली नटी म्हणजे थीडा बारा. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चार्ली चॅप्लिन आणि मेरी पिकफर्ड यांच्या पंक्तीत तिचे नाव घेतले जाई. १९१४ ते १९२६ या काळात तिने सुमारे ४० चित्रपटांत काम केले. त्यांपैकी आज पूर्ण स्वरूपात जेमतेम सहा शिल्लक आहेत आणि त्या सहांतही एकात ती केवळ गर्दीतली एक आहे, तर दोन छोटे विनोदपट तिच्या उतरत्या काळातले आहेत. 'क्लिओपात्रा'चे काही सेकंदांचे तुकडे तेवढे उरले.

एवढ्या मोठ्या नटीचे काम स्वतः पाहून तिच्याविषयी मत बनवण्याची सोयच राहिलेली नाही, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात नेहमी हळहळत सांगितली जाते. आग लागली, फिल्म जळाली, नशीब खोटे, असा त्या सांगण्याचा सूर असतो. मला तो मान्य नाही. कलाकृतीची एकमेव मूळ प्रत ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर ती सांभाळण्याची कसलीही जबाबदारी न टाकणाऱ्या कायद्याचा हा परिणाम होता. तो टाळता आला असता आणि आजही टाळता येण्यासारखा आहे. प्रदर्शित झालेल्या प्रत्येक चित्रपटाची टिकाऊ प्रत सार्वजनिक संग्रहालयात जमा करणे कायद्याने सक्तीचे असावे, असे माझे म्हणणे आहे. थीडा बाराची कारकीर्द नीट पाहिली तर त्यामागची कारणे आपोआप पुढे येतात.

तिचे खरे नाव थिओडोशिया गुडमन. जन्म २९ जुलै १८८५ रोजी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाला. वडील पोलंडमधून आलेले ज्यू शिंपी आणि आई मूळची स्वित्झर्लंडची. शालेय शिक्षण संपवून तिने दोन वर्षे सिनसिनाटी विद्यापीठात काढली, मग न्यूयॉर्क गाठले आणि रंगभूमीवर अनेक वर्षे फारसे यश न मिळता धडपड केली. तिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने नायिका होण्याचे वय उलटून गेल्यावर, दिग्दर्शक फ्रँक पॉवेलने तिला 'अ फूल देअर वॉज' या चित्रपटात प्रमुख भूमिका दिली. किपलिंगच्या एका कवितेवरून आधी नाटक झाले होते, त्याचा हा चित्रपट. एक प्रतिष्ठित, संसारी गृहस्थ एका स्त्रीच्या नादी लागून घर, पद आणि शेवटी प्राण गमावतो, एवढीच त्याची गोष्ट. तो जानेवारी १९१५ मध्ये प्रदर्शित झाला, तुफान चालला आणि विल्यम फॉक्सची नवी चित्रपट कंपनी या यशाच्या जोरावर उभी राहिली. सुरुवातीला आठवड्याला १५० डॉलर घेणारी ही नटी कारकिर्दीच्या शिखरावर आठवड्याला ४,००० डॉलरपर्यंत पोहोचली.

सुदैवाने हा चित्रपट उरला आहे आणि तो पाहिल्यावर थीडा बाराविषयीच्या ऐकीव मतांना धक्का बसतो. जहाजाच्या डेकवर तिने देशोधडीला लावलेला एक तरुण पिस्तूल घेऊन तिच्यासमोर उभा राहतो. ती घाबरत नाही, ओरडत नाही, मागे सरत नाही; हातातल्या गुलाबाने पिस्तुलाची नळी सहज बाजूला सारते आणि हसते. त्या तरुणाचे पुढे काय होते ते सांगायची गरज नाही. मूकपटातला अभिनय म्हणजे हातवारे आणि डोळे वटारणे, ही आपली समजूत या एका हालचालीपुढे टिकत नाही. इतक्या थोड्यात एवढे सांगणाऱ्या नटीने पुढच्या चार वर्षांत ज्युलिएट, कार्मेन, कॅमिल, सालोमे आणि मादाम द्यु बारी या भूमिका कशा केल्या असतील, हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. त्या पाचही भूमिका आज पाहता येत नाहीत. 'सालोमे'चे दोन-एक मिनिटांचे तुकडे अलीकडे स्पेनच्या चित्रपट संग्रहालयात सापडले, एवढाच काय तो दिलासा.

या रिकाम्या जागेत आज कोण उभे आहे, ते पाहण्यासारखे आहे. फॉक्सच्या प्रसिद्धी खात्याने पहिल्या चित्रपटापासूनच या नटीचे एक संपूर्ण खोटे चरित्र रचले. ती सहारा वाळवंटात स्फिंक्सच्या छायेत जन्मली, तिच्या अंगात फ्रेंच आणि अरब रक्त आहे, तिला गूढ विद्या अवगत आहेत, अशा कथा वर्तमानपत्रांकडे पाठवल्या गेल्या. तिच्या पडद्यावरच्या नावातली रोमन अक्षरे उलटसुलट केली की 'अरब डेथ' म्हणजे अरबी मृत्यू असे शब्द तयार होतात, हेही लोकांच्या कानांवर घातले गेले. प्रत्यक्षात 'थीडा' हे थिओडोशियाचे लघुरूप होते आणि 'बारा' हे आडनाव नात्यातल्या 'बॅरेंजर' या आडनावावरून घेतलेले होते. मानवी सांगाड्यांबरोबर तिची छायाचित्रे काढली गेली. १९१५ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात पत्रकारांना बोलावले तेव्हा खोलीत मखमलीचे पडदे लावले होते, धूप जाळला होता आणि ती फरचे कपडे घालून बसली होती. पत्रकार गेल्याबरोबर तिने ते भरजरी ओझे भिरकावून दिले आणि हवेसाठी खिडकीकडे धाव घेतली, ही हकिकतही पुढे छापून आली. लोकांनी हे सगळे शब्दशः खरे मानले असे नाही, बऱ्याच जणांना तो खेळ कळत होता. पण सिनसिनाटीच्या शिंप्याची शिकलेली मुलगी त्या खेळात कुठेच नव्हती.

स्वतः तिला मात्र आपण काय करतो आहोत याची स्पष्ट जाण होती. पुरुषांना नादी लावून उद्ध्वस्त करणाऱ्या स्त्रीची आपली भूमिका म्हणजे स्त्रीजातीने तिचे शोषण करणाऱ्यांवर उगवलेला सूड आहे, असे तिने त्याच काळात मुलाखतीत सांगितले होते आणि स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेतले होते. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला अजून पाच वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले तर या विधानाचे वजन कळते. त्याच त्या संहारक स्त्रीच्या साच्यातून बाहेर पडण्यासाठी तिने प्रयत्नही केले. १९१६ मध्ये ज्युलिएट केली. १९१९ मध्ये 'कॅथलीन माव्हुर्नीन' या चित्रपटात साध्या आयरिश खेड्यातली मुलगी रंगवली, तेव्हा आयरिश-अमेरिकन संघटनांनी जोरदार निषेध केला. आयर्लंडचे दारिद्र्य दाखवले हा एक राग होता आणि आयरिश मुलीची भूमिका ज्यू नटीने केली हा दुसरा. त्याच वर्षी फॉक्सबरोबरचा तिचा करार संपला. पाच वर्षांत जवळजवळ चाळीस चित्रपट करून घेऊन प्रेक्षकांना एकाच प्रतिमेचा कंटाळा येईपर्यंत ती वापरली गेली आणि मग बाजूला ठेवली गेली. १९२१ मध्ये तिने दिग्दर्शक चार्ल्स ब्रेबिनशी लग्न केले. पुढे एक पुनरागमनाचा चित्रपट आणि ते दोन विनोदपट सोडले तर ती पडद्यावर आली नाही. बोलपटात तिने कधीच काम केले नाही. ७ एप्रिल १९५५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचे निधन झाले.

ती हयात असतानाच तिचे बहुतेक काम नष्ट झाले. न्यू जर्सी राज्यातल्या लिटल फेरी या गावी फॉक्स कंपनीच्या जुन्या चित्रपटांचे गोदाम होते. इमारत विटांची आणि काँक्रीटची, आगीपासून सुरक्षित म्हणून बांधलेली, आत वेगवेगळ्या कोठड्या. पण पाण्याचे फवारे नव्हते आणि हवा खेळण्याची धड सोय नव्हती. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती जुनी होताना तिच्यातून आम्लाच्या वाफा निघतात, वाफा कोंडल्या की उष्णता वाढते, उष्णता वाढली की विघटन आणखी वेगाने होते. पेटल्यावर ती स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून पाण्याखालीही जळत राहते. जुलै १९३७ च्या पहिल्या पंधरवड्यात तिथे कडक उन्हाळा होता. ९ जुलैच्या पहाटे कोठड्या एकामागून एक पेटल्या, ज्वाळा झरोक्यांतून आडव्या बाहेर येऊन शेजारच्या घरांपर्यंत गेल्या आणि त्यांत भाजलेला एक मुलगा दगावला. चाळीस हजारांहून अधिक रिळे जळाली. १९३२ च्या आधीच्या फॉक्सच्या बहुतेक चित्रपटांचा तिथे शेवट झाला. जळक्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, म्हणून उरलेला चुरा ट्रक भरभरून चांदी काढण्यासाठी नेण्यात आला.

आग हा अपघात होता हे खरे. पण कंपनीने त्या रिळांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, कारण १९२९ नंतर मूकपटांना बाजारात किंमत उरली नव्हती आणि ज्याला किंमत नाही त्यावर खर्च करण्याचे व्यापाऱ्याला कारण नसते. इतर कंपन्यांनी तर आगीची वाटही पाहिली नाही. युनिव्हर्सलने १९४८ मध्ये आपल्याकडे उरलेल्या मूकपटांच्या निगेटिव्ह जाणूनबुजून नष्ट केल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात फक्त १४ टक्के उरले आहेत. एवढा मोठा विनाश अपघातांनी होत नाही. मालकाला वाटेल तोवर ठेवावे आणि वाटेल तेव्हा फेकावे, ही मुभा सगळ्यांना होती आणि सगळ्यांनी ती वापरली.

'त्या काळी कोणाला कळत होते?' असा बचाव केला जातो. कळणारे होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३५ मध्येच चित्रपटांचा स्वतंत्र संग्रह सुरू केला होता आणि त्याच्या संग्रहपाल (क्युरेटर) आयरिस बॅरी त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये जाऊन स्टुडिओ आणि कलाकारांकडे चित्रपटांच्या प्रती मागत होत्या. लंडनमध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रह १९३५ मध्ये, तर पॅरिसमधला सिनेमातेक १९३६ मध्ये उभा राहिला. लिटल फेरीची आग लागली तेव्हा जतनाची कल्पना, जतन करणाऱ्या संस्था आणि जतन करणारी माणसे सगळे जागेवर होते. त्यांच्या हातात अधिकार मात्र कसलाच नव्हता. मालकाने दिले तर घ्यायचे, नाहीतर परत फिरायचे.

याहून बोलका पुरावा त्याआधीच्या काळातला आहे. १९१२ पर्यंत अमेरिकी कायद्यात चित्रपट नावाचा प्रकार नव्हता, म्हणून निर्माते स्वामित्वहक्क (कॉपीराइट) मिळवण्यासाठी चित्रपटाची प्रत्येक चौकट कागदाच्या लांब गुंडाळीवर छापून ती छायाचित्रे म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. हेतू जतनाचा मुळीच नव्हता, नोंदणीचा होता. तरी त्या गुंडाळ्या तिथे दशकानुदशके पडून राहिल्या, कागद असल्यामुळे पेटल्या नाहीत आणि १९५० च्या दशकात त्यांवरून पुन्हा फिल्म तयार करण्यात आली. सिनेमाच्या अगदी बाल्यावस्थेतले सुमारे ३,००० चित्रपट अशा रीतीने वाचले. १९१२ मध्ये कायदा सुधारला, चित्रपटाला स्वतःची नोंदणी मिळाली, आणि नायट्रेटच्या आगीच्या भीतीने ग्रंथालयाने नोंदणीसाठी आलेल्या प्रती तपासून निर्मात्यांना परत द्यायला सुरुवात केली. म्हणजे १९०५ चा एखादा किरकोळ चित्रपट आज पाहता येतो आणि १९१७ मधला, त्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या चित्रपटांपैकी एक असलेला 'क्लिओपात्रा' पाहता येत नाही. हा फरक दर्जामुळे पडला नाही, लोकप्रियतेमुळेही नाही. एकाची प्रत सरकारदरबारी राहिली, दुसऱ्याची परत गेली.

सक्तीच्या जमा-प्रतीला घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप मालमत्तेच्या हक्काचा आहे. माझ्या पैशाने केलेली वस्तू ठेवायची की मोडायची, हे मी ठरवणार, असे निर्माता म्हणू शकतो. खुर्ची किंवा गाडी असती तर मी हे मान्य केले असते. पण चित्रपटाच्या मालकाला जो स्वामित्वहक्क मिळतो तो समाजाने कायद्याने निर्माण करून दिलेला हक्क आहे आणि तो मुदतीचा आहे. अमेरिकेच्या संविधानातच तो मर्यादित काळासाठी असल्याचे म्हटले आहे. ठरावीक वर्षे दुसऱ्या कोणी नक्कल करू नये याची हमी समाज देतो, आणि मुदत संपल्यावर ती कलाकृती सर्वांची होते, असा हा व्यवहार आहे. 'क्लिओपात्रा'ची मुदत केव्हाच संपली, आज तो कायद्याने कोणाही अमेरिकी नागरिकाचा, अगदी एखाद्या शाळकरी मुलाचाही आहे. पण दाखवायला चित्रपटच नाही. एका बाजूने व्यवहाराचा पूर्ण लाभ घेतला, दुसऱ्या बाजूच्या हाती काही आले नाही. प्रत जमा करण्याची सक्ती म्हणजे मालमत्तेवर घाला नव्हे. स्वामित्वहक्काच्या बदल्यात जे द्यायचे कबूल केले आहे, ते देता येईल अशा अवस्थेत ठेवण्याची ती अट आहे.

मालकी कलावंताकडे असती तर हा प्रश्न सुटला असता, असेही काही जण म्हणतात. थीडा बारा पगारी नटी होती, तिच्याकडे ना निगेटिव्ह होत्या ना हक्क, हे खरे. पण मेरी पिकफर्डचे उदाहरण पाहा. १९१९ मध्ये चॅप्लिन, नट डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्याबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स ही चित्रपट कंपनी स्थापन करणारी ही कर्तबगार बाई आपल्या अनेक चित्रपटांची स्वतः मालक होती, आणि बोलपट आल्यावर आपले जुने काम लोकांना हास्यास्पद वाटेल या भीतीने ते सगळे नष्ट करण्याचा तिचा विचार होता. नटी लिलियन गिशसारख्या स्नेह्यांनी तिचे मन वळवले आणि पुढे तिने आपला संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला. आज पिकफर्डचा अभिनय पाहता येतो तो मैत्रिणींच्या आग्रहामुळे. कलावंताच्या मनःस्थितीवर किंवा मैत्रीवर सार्वजनिक वारसा सोपवता येणार नाही.

जे मोलाचे आहे तेवढेच जपावे, सगळे कशाला, हा आक्षेप व्यवहारी वाटतो. परंतु १९३७ मध्ये जाणकारांची समिती बसवली असती तर तिने ग्रिफिथ आणि चॅप्लिन निवडले असते. फॉक्सच्या या सूडनायिकेचे चित्रपट बाजारू म्हणून वगळले असते, याबद्दल मला शंका नाही. त्याच नटीचा पहिला मोठा चित्रपट २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत सन्मानाने दाखल झाला. मोल कालांतराने ठरते, आणि ते ठरेपर्यंत वस्तू जिवंत असावी लागते.

हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. भारतात सुमारे १,३०० मूकपट तयार झाले, त्यांतले बहुसंख्य मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर या परिसरात. त्यांपैकी पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात तीसच्या आसपास उरले. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या वारसांची मनधरणी करून जे गोळा केले, त्यावर आपला चित्रपट-इतिहास उभा आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची आरंभाची आणि शेवटची रिळे त्यांनाच मिळाली. 'आलम आरा' मिळालाच नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या, म्हणून केवळ सरकारी ताबा पुरेसा नाही, हेही आपण शिकलो आहोत. प्रती दोन हव्यात आणि त्या दोन वेगवेगळ्या शहरांत हव्यात.

आता फिल्म नाही, सगळे डिजिटल आहे, म्हणून चिंता मिटली असे समजणे धोक्याचे आहे. डिजिटल फाइल नायट्रेटसारखी पेटत नाही, पण ती ज्या यंत्रावर चालते ते यंत्र पंधरा-वीस वर्षांत कालबाह्य होते आणि कोणी तरी नियमितपणे नव्या माध्यमावर नकलली नाही तर ती निकामी होते. शिवाय जो चित्रपट केवळ एखाद्या ऑनलाइन मंचावरच प्रदर्शित होतो, त्याची बाजारात विकली गेलेली एकही प्रत नसते. मंचाने तो काढला की प्रेक्षकाच्या दृष्टीने तो संपला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टुडिओने जवळजवळ पूर्ण झालेला चित्रपट करसवलतीच्या हिशेबापायी कधीच प्रदर्शित न करण्याचे ठरवले. त्यात काम केलेल्या शेकडो लोकांचे श्रम कोणाला दिसणार नाहीत. जळक्या फिल्मपासून चांदी काढण्याचा हिशेब आणि हा हिशेब एकाच वहीतला आहे.

म्हणून मागणी नेमकी असावी. चित्रपट प्रदर्शित होताना, मग तो चित्रपटगृहात असो वा ऑनलाइन, संकुचित (कॉम्प्रेस) न केलेली पूर्ण दर्जाची प्रत सार्वजनिक संग्रहालयात जमा झाल्याशिवाय स्वामित्वहक्काची नोंदणी पूर्ण होऊ नये. मुदत असेपर्यंत संग्रहालयाने ती अभ्यासकांना जागेवर बसून पाहू द्यावी, व्यापारी प्रदर्शन करू नये. एवढ्याने निर्मात्याचे उत्पन्न बुडत नाही. फ्रान्समध्ये चित्रपटांची अशी कायदेशीर जमा-प्रत घेतली जाते आणि तिथला चित्रपट-व्यवसाय त्यामुळे बुडालेला नाही. खर्चाचा वाटा निर्मितीच्या खर्चानुसार निर्मात्याने उचलावा, आणि कमी पैशांत चित्रपट करणाऱ्यांचा खर्च सरकारने. कारण ज्यांच्याकडे गोदाम नाही, कर्मचारी नाहीत, वकील नाहीत, त्यांचेच काम सर्वांत आधी हरवते. आणि मुदत संपण्याआधी ज्याला आपल्या ताब्यातली मूळ सामग्री टाकून द्यायची असेल, त्याने तसे संग्रहालयाला आधी कळवावे व ती नेण्यासाठी त्याला पुरेसा अवधी द्यावा, ही अट जुन्या चित्रपटांनाही आजपासून लावता येईल.